कृष्णा ते सावित्री आणि परत : वाई–पोलादपूर–वाई सायकल प्रकल्पाच्या नोंदी

३१ ऑगस्ट २०२५, रविवार

घरात गणपती आहेत, दुकान अर्धा दिवसच उघडलं. दुपारी नवी वही काढली आणि ठरवलेलं लिहून टाकलं.

मार्ग असा : वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूर आणि त्याच रस्त्यानं परत वाई. एका दिवसात, सायकलवर. वाई ते पाचगणी १२ किमी, तिथून महाबळेश्वर १९, तिथून पोलादपूर ४०. जाऊन-येऊन १४२. वाई साधारण ७०० मीटर उंचीवर, महाबळेश्वर १,३५३ मीटर, आणि पोलादपूर घाटाखाली कोकणात, शंभर मीटरच्याही आत. म्हणजे सह्याद्री एका बाजूनं चढायचा, दुसऱ्या बाजूनं पार तळापर्यंत उतरायचा, आणि खरा चढ त्यानंतर. मधले चढउतार धरले तर दिवसभरात अडीच हजार मीटरच्या आसपास चढ होईल.

हाच रस्ता का, तेही लिहितो. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात : कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. त्यातली कृष्णा आमच्या ढोल्या गणपतीच्या पायाशी येऊन पुढं बंगालच्या उपसागराला जाते. सावित्री पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीत उतरते. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, महाबळेश्वरमार्गे महाडला जाणारी गाडी त्यांच्याकडं बरीच वर्षं होती. सुट्टीत मी इंजिनाशेजारच्या सीटवर बसून जायचो. पोलादपूरला पूल आला की ते म्हणायचे, "ही आपल्या नदीची बहीण." ते वाक्य माझ्यात रुतून बसलंय. आता मी ४६ वर्षांचा आहे, सायकल घेऊन दोन वर्षं झाली, आणि एका बहिणीकडून दुसरीकडं स्वतःच्या पायांनी जाऊन यायचंय.

७ सप्टेंबर, रविवार

पसरणी घाट, पहिली मोजणी. पहाटे साडेपाचला निघालो. पसरणी गाव, म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, मागं पडलं की घाट लागतो आणि पाचगणीपर्यंत सोडत नाही. उजवीकडं खाली धोम धरण काठोकाठ भरलेलं, ढग पाण्यावर टेकलेले. हॅरिसन फॉली पॉइंटच्या जवळ धुक्यात पुढचं चाक सोडून काही दिसेना.

वेळ १ तास ३४ मिनिटं. पाय दोनदा टेकले. वर पोचलो तेव्हा दोन्ही गुडघे पुढून दुखत होते, वाटीच्या खाली. श्वास त्यामानानं ठीक होता. म्हणजे इंजिन बरं आहे, गडबड दुसरीकडं आहे.

१० सप्टेंबर

सीट १२ मिमी वर घेतली. पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. माझा वाकलेला राहत होता. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुतेक खाली असते, मागून दुखला तर वर. दोन वर्षं चुकीच्या उंचीवर सायकल मारली.

२१ सप्टेंबर, रविवार

आज दुकानात बसून फक्त हिशेब केला. माझं काम मोटर रिवाइंडिंगचं, त्यामुळं लोड आकड्यात दिसल्याशिवाय चैन पडत नाही.

सायकल जुनी, रोड बाईक. पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दाते, मागं सगळ्यात मोठी चकती २८ दात्यांची. चाकाचा घेर २.१ मीटर. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये, म्हणजे ३४ भागिले २८, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल २.५५ मीटर पुढं जाते. पसरणीला माझा सरासरी वेग ताशी साडेसात किमीच्या थोडा वर होता. म्हणजे मिनिटाला ५० फेरे. तीव्र वळणांवर वेग साडेपाचवर येतो, तिथं फेरे ३६. गुडघे दुखणारच. मोटरला व्होल्टेज कमी पडलं आणि लोड तेवढाच राहिला तर ती हळू फिरते, करंट जास्त ओढते आणि तापते. पायाचं तेच. कमी फेऱ्यात तीच ताकद काढायची तर प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त, आणि तो जोर सांध्यावर आणि स्नायूवर येतो.

मागं ३४ ची चकती बसवली तर एका फेऱ्यात २.१ मीटर. त्याच वेगाला ५० चे ६१ फेरे, वळणावर ३६ चे ४४. ताकद वाढवायला महिने लागतील, हा फरक पाना फिरवून मिळतो. पहिला खर्च इथंच करायचा.

अण्णांना हा हिशेब दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाले, "घाटात ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं. तुझ्या सायकलला उतारावर गिअर काय धरून ठेवणार? तू ब्रेकचा हिशेब केलास का?"

केलेला नव्हता.

५ ऑक्टोबर, रविवार

११-३४ चा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा जुडगा, बसला. पुण्याच्या एका दुकानानं आधी "तुमच्याच डिरेलरवर चालेल" म्हणून नुसता कॅसेट पाठवला होता. चालला नाही. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या त्या डिरेलरचा पिंजरा आखूड होता, मोठ्या चकतीवर चेन गेली की वरची पुली दात्यांना घासायची. लांब पिंजऱ्याचा डिरेलर वेगळा मागवावा लागला, चेनही नवी आणि लांब. दहा दिवस गेले. कॅसेट बदलताना डिरेलर जास्तीत जास्त किती दाते पेलतो ते आधी स्वतः बघावं.

संध्याकाळी पसरणी गावाच्या वरपर्यंत जाऊन आलो. पाय मोकळा फिरतो. फार बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची साफसफाई टाळून पसरणी दोनदा. बायकोनं सोडलं, हे आधी लिहितो. पहिला चढ १ तास २६, दुसरा १ तास ३१. पाय एकदाही टेकला नाही.

लोड मोजायला हृदयाचे ठोके टिपणारा छातीवरचा पट्टा घेतलेला नाही. पाढे म्हणतो, मोठ्यानं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एका श्वासात दोन ओळी निघाल्या तर लोड बरोबर. ओळ मध्ये तुटली की एक दाता हलका करायचा किंवा वेग सोडायचा. सतराचा पाढा अर्ध्यात अडला तर समजायचं की हा वेग चार तास टिकणार नाही. पहाटे रस्त्यावर कुणी नसतं, आवाज खुला लागतो.

२ नोव्हेंबर, रविवार

ब्रेक. अण्णांच्या प्रश्नाला महिना लागला.

महाबळेश्वरपर्यंत गेलो, येताना पसरणी घाटात उतारावर मुद्दाम ब्रेक सतत हलका धरून ठेवला, लोक धरतात तसा. अर्ध्या घाटात थांबून पुढच्या रिमला बोट लावलं. चटका बसला, बोट लगेच ओढलं. माझे रिम ब्रेक आहेत : रबर रिमवर घासतं आणि सगळी उष्णता रिममध्ये जाते, तिथून ट्यूबमध्ये. पसरणीच्या बारा किलोमीटरला ही गत, तर आंबेनळीच्या चाळीसला ट्यूब फुटू शकते.

उरलेला अर्धा घाट दुसऱ्या पद्धतीनं उतरलो. सरळ रस्त्याला ब्रेक पूर्ण सोडायचा, वारा लागू द्यायचा. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडाच वेळ, आणि वळणात शिरायच्या आत सोडून द्यायचे. खाली येऊन बोट लावलं, कोमट. ब्रेक तेच होते, हात सुधारला.

त्याच वेळी दुसरी गोष्ट सापडली. रिमच्या कडेला झीज दाखवणारी बारीक खाच असते. पुढच्या रिमवर ती जवळजवळ पुसली गेली आहे. कड इतकी पातळ झाली की हवेच्या दाबानं ती उघडू शकते. पुढचं चाक नवीन घ्यायचं. यात काटकसर नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आंबेनळीची तालीम. जमली नाही.

भाच्यानं पिकअपमधून पोलादपूरला सोडलं आणि तो महाडला कामाला गेला. साडेदहाला सावित्रीच्या पुलावरून निघालो. कापडे गावापर्यंत रस्ता सौम्य, अंगात जोर, ताशी वीस-बावीसनं सुटलो. पाढे म्हटलेच नाहीत. घाट लागला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. जुलै २०२१ च्या पावसात हा घाट जागोजागी खचला होता, त्यानंतर बांधलेल्या काँक्रीटच्या भिंती डोंगराच्या बाजूला उभ्या आहेत. दुपारी त्या तव्यासारख्या तापतात आणि आपण त्यांना खेटून ताशी सात किलोमीटरनं सरकत असतो. वारा नाही. घाम येतो, पण वाळत नाही, नुसता ओघळतो. वाईच्या कोरड्या हवेत घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं, हे इथं पहिल्यांदा कळलं.

दोन बाटल्या साधं पाणी दीड तासात संपलं. खाल्लं होतं एक केळं. आधी डाव्या पोटरीत गोळा आला, उतरून चोळला. पुन्हा बसलो तर दोन्ही मांड्यांत एकदम. रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसलो आणि मांडीचा स्नायू कातड्याखाली आपोआप हलताना बघत राहिलो, पाण्यातून बेडूक जावा तसा. फोनला रेंज नव्हती. वीस मिनिटांनी सिलिंडरचा रिकामा टेंपो आला, ड्रायव्हरनं न विचारता थांबवला. "चला भाऊ, बसा. सायकल मागं टाकू." महाबळेश्वरपर्यंत एक पैसा घेतला नाही.

२६ नोव्हेंबर

रात्री अण्णांपाशी बसलो. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "किती वाजता चढायला लागलास?"

साडेदहा.

"तिथंच चुकलं. तो डोंगर पश्चिमेला तोंड करून आहे. सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत घाटात सावली असते, डोंगराचीच. आम्ही महाडची गाडी लवकर काढायचो. उशिराच्या फेरीला इंजिन तापणारच. घाटाच्या मध्यात एक झरा आहे, तिथं रेडिएटरला पाणी घालायला थांबायचो. तू बघितलास का?"

मी टेंपोत डोळे मिटून होतो.

या मुलखात आधीही लोक रडलेत. १६५९ साली अफझलखान वाईहून जावळीत उतरला तो रडतोंडीच्या घाटानं. नाव कुणी ठेवलं असेल त्यानं ती वाट स्वतः तुडवली असणार.

प्रकल्प बदलला. पायांचं काम बरंचसं झालंय. आता ऊन, मीठ आणि वेळ.

१४ डिसेंबर, रविवार

दोन आठवडे दुपारी एक ते अडीच सुरूर फाट्याकडं जाऊन येतोय, उन्हाची सवय व्हावी म्हणून. दुकान भाचा बघतो. पहिल्या तीन दिवशी डोकं चढलं. आता घाम लवकर सुटतो आणि टोपीवर मिठाचे पांढरे डाग कमी दिसतात.

पाणी : एक लिटरला सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, लिंबू. तासाला पाऊण लिटर, तहान लागायची वाट न बघता, दर पंधरा मिनिटांनी चार घोट. मोबाईलवर घंटी लावली आहे.

खाणं : तासाला ५० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. मोठ्या केळ्यातून साधारण पंचवीस-तीस मिळतात. नुसत्या केळ्यांवर आठ-नऊ तास निघत नाहीत, तिसऱ्या तासाला बघवत नाहीत. बरेच प्रकार करून पाहिले. राजगिऱ्याचा लाडू तोंडात कोरडा पडतो. चिक्की चावताना श्वास अडकतो. गूळपोळी चांगली : मऊ, गोड, खिशात चुरा होत नाही, पाण्याच्या एका घोटाबरोबर जाते. मोहीम संक्रांतीनंतर आहे, त्यामुळं ती घरात असणारच. बायको म्हणाली, "मीठ थोडं जास्त घालून चार वेगळ्या करते." मीठ घातलेली गूळपोळी उन्हात फार छान लागते.

४ जानेवारी २०२६, रविवार

पसरणी तीनदा. १:२४, १:२५, १:२७. तिन्ही चढांत फक्त तीन मिनिटांचा फरक, आणि शेवटच्या चढात सतराचा पाढा पूर्ण. ही नोंद मला फार मोलाची आहे. पहिला चढ मुद्दाम सोडून चढलो, जोर असताना लावला नाही. त्याला सगळ्यात जास्त मनोनिग्रह लागला.

१८ जानेवारी, रविवार

दिवस ठरला : मंगळवार, २०. शनिवार-रविवारी महाबळेश्वरच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, सायकलला जागा राहत नाही.

वेळापत्रक उलटं मांडलं. पोलादपूरहून नऊच्या आत चढायला लागायचं, तर महाबळेश्वरहून पहाट फुटताच उतरायचं, तर वाईहून रात्री तीनला निघायचं. आज अमावास्या, म्हणजे मंगळवारी चांदणं नाही. दोन दिवे, एक हँडलला, एक हेल्मेटला. महाबळेश्वरच्या जंगलात रात्री गवे रस्त्यावर येतात. त्यांच्यावर दिवा रोखायचा नाही, थांबायचं, त्यांना जाऊ द्यायचं.

नवीन ब्रेक रबर, नवीन पुढचं चाक, दोन ट्यूब, चेन जोडायची कडी. पाणी भरायच्या जागा : महाबळेश्वर, पोलादपूर, झरा, कुंभरोशी, महाबळेश्वर.

२० जानेवारी, मंगळवार

रात्री लिहितोय, हात अजून थरथरतोय.

२:५५ ला नदीच्या घाटावर गेलो. कृष्णेचं पाणी पायऱ्यांपाशी काळं, स्थिर. हात बुडवून निघालो.

पसरणी काळोखात. फक्त दिव्याचा गोल आणि चेनचा आवाज. बुवासाहेबाच्या देवळापाशी एक ट्रक खाली येत होता, त्यानं दिवे मंद केले. पाचगणी ४:२२. महाबळेश्वर ५:५०, बोटं बधिर. एका चहाच्या गाड्यापाशी शेकोटीला उभं राहिलो. गवे दिसले नाहीत, एका वळणावर वास मात्र आला.

६:४० ला उतार. शर्टाच्या आत वर्तमानपत्र घातलं होतं, छातीला वारा लागत नाही. मेटतळ्याच्या खाली दरी उघडली तेव्हा प्रतापगड करड्या उजेडात उभा होता, बुरुजावर अजून ऊन नव्हतं. दर दहा किलोमीटरला थांबून रिमला बोट लावलं. कोमटच. पोलादपूर ८:१८. सावित्री या दिवसांत बारीक, खडकांतून वाहणारी. पुलाखाली उतरून पुन्हा हात बुडवला. दीड गूळपोळी, एक केळं, चहा.

८:४० ला चढ. कापड्यापर्यंत ताशी चौदाच्या वर गेलो नाही. घाट लागला आणि अण्णा म्हणाले होते ते दिसलं : डोंगराची सावली अख्ख्या रस्त्यावर पसरलेली, गार, आणि दूर कोकणात उजेड. सव्वा तास मी त्या सावलीतून चढलो. आयुष्यातला सगळ्यात चांगला सव्वा तास.

दहाच्या सुमाराला ऊन रस्त्यावर आलं. झऱ्याच्या भरवशावर होतो म्हणून दुसरी बाटलीही जवळजवळ संपवली होती. अण्णांनी सांगितलेली खूण सापडली, उलटं वळण आणि आत शिरलेला कातळ. कातळासमोर आता काँक्रीटची भिंत आहे. पाणी झिरपायला तिच्यात पाइप ठेवलेत. प्रत्येकात बोट घातलं. कोरडे. एका पाइपाच्या तोंडाशी वाळलेलं शेवाळ होतं, एवढंच.

बाटलीत चार बोटं पाणी, कुंभरोशी अजून पाऊण तास. नोव्हेंबरात मी इथं घाबरून जोर लावला असता. सायकलवर बसलो, सगळ्यात हलका गिअर, वेग सहापर्यंत खाली आणला, पाढा सुरू केला. सावलीच्या बाजूला, उजवीकडं असली तरी, समोर गाडी नसेल तेव्हा सरकत राहिलो. दर पाढा संपला की एक घोट, तोंडात धरून. मांडीत एकदा गोळ्याची चाहूल लागली. पाय न थांबवता दहा-बारा फेरे अगदी मोकळे फिरवले, गेली.

कुंभरोशीला टपरीवरच्या मावशींनी माझ्याकडं बघून आधी तांब्या पुढं केला, मग विचारलं, "कुठनं आला दादा?" वाईहून, पोलादपूर करून परत, म्हटलं. त्यांनी मिठाचं डबडं पुढं सरकवलं आणि लिंबू चिरायला घेतलं. मी काहीच मागितलं नव्हतं. तीन तांबे प्यायलो. अर्धा तास बसलो.

वरचा अर्धा घाट झाडीतला. दमलो होतो, पण तेवढाच. महाबळेश्वर २:३४. बाजारपेठेत उतरलो नाही, उतरलो असतो तर पुन्हा बसवलं नसतं. वाई ४:२०, पाचगणीत वाहतुकीत अडकून. एकूण १४३ किमी, सायकलच्या मीटरवर चढ २,५४० मीटर.

अण्णा ओट्यावर होते. "झरा?"

"भिंत आहे तिथं आता. पाणी नाही."

बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग पाणी कुठं घेतलंस?"

"कुंभरोशीला."

"किती वेळ कोरडा चढलास?"

"पाऊण तास."

"गिअर?"

"शेवटचा. सोडला नाही."

त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातून हेल्मेट घेतलं.

२१ जानेवारी

गुडघे ठीक. डाव्या हाताची करंगळी बधिर, हँडलची टेप जाड करायला हवी. पुढचं ब्रेक रबर एका दिवसात जवळपास दीड मिमी झिजलं. पाणवठ्यांच्या यादीतून झरा खोडला, त्याजागी तिसरी बाटली लिहिली.

दुकानात चार मोटरी येऊन पडल्यात, उसाला पाणी द्यायचंय लोकांना. दुपारी अण्णा दुकानात आले, बसले, आणि महाडची गाडी आता किती वाजता सुटते ते स्टँडवर विचारून ये म्हणाले.